गिअर वायरलेस, फ्रेम हेल्पलेस!

बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा एक तुकडा तुटला आणि माझी लाडकी सायकल दीड महिना भिंतीवरचं शोपीस होऊन बसली. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या प्रेमात पडलेल्या, पडू पाहणाऱ्या आणि ईएमआयचा हिशोब मांडून बसलेल्या तमाम मंडळींसाठी हा स्वानुभव.

जानेवारीतला शनिवार. आदल्या रात्री अकरापर्यंत ऑफिसच्या कॉलवर होते, तरी पहाटे साडेचारला नवले पुलाखाली हजर! आम्ही चौघं, चार सायकली आणि प्लॅन एकदम सिंपल. खंबाटकी, वाई, पसरणी घाट, पाचगणी. पाचगणीला पोहोचलं की स्ट्रॉबेरी क्रीम. एवढ्या कॅलरीज जाळल्यावर क्रीमचं पाप लागत नाही, हा आमच्या ग्रुपचा जुना फंडा.

वाईत मिसळ खायला थांबलो. सायकल भिंतीला टेकवली होती. मागे येणाऱ्या एका स्कूटरचा हलकासा धक्का लागला आणि ती उजव्या अंगावर पडली. मी धावत गेले, उचलली, रंगावर ओरखडा आलाय का तेवढं बघितलं. काहीच नव्हतं. 'वाचली बाई' म्हणून पुन्हा मिसळीकडे वळले. चूक इथेच झाली. पण ते मला तेव्हा कुठे माहीत?

पसरणी घाटाचं तिसरं-चौथं वळण असेल. चढ अंगावर आला, पाय भरून आले. बोटाने बटण दाबलं, सगळ्यात हलका गिअर मागितला. मागून नेहमीसारखा बारीक 'झुईं' असा आवाज आला आणि पाठोपाठ 'कर्रर्र कट्ट!' चाक जागच्या जागी थांबलं. वळून पाहिलं तर चेनला गिअरवर ढकलणारा तो लोंबता हात, म्हणजे मागचा डिरेलर (सायकलवाले त्याला आरडी म्हणतात), चाकाच्या तारांत घुसून पार पिळवटला होता. तो ज्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर मधोमध तुटला होता.

पुढची पाचगणी मी पिकअप टेम्पोतून पाहिली नाहीच. टेम्पो उलट्या दिशेने, पुण्याला चालला होता. मागे स्ट्रॉबेरीचे क्रेट, त्यावर माझी सायकल आणि पुढे ड्रायव्हरदादांच्या शेजारी मी. "मॅडम, एवढी महागाची सायकल आन् पंक्चर काढता येईना?" त्यांनी विचारलं. पंक्चर असतं तर काय हवं होतं हो!

'फ्रेमच बदला ना मॅडम'

थोडी पार्श्वभूमी सांगते. ही सायकल मी सेकंडहँड घेतली होती. कॅनडाला निघालेल्या एका मुलाला घर रिकामं करायचं होतं आणि मला पहिलाच मोठा बोनस मिळाला होता. काळी कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक, अकरा स्पीडचे वायरवाले इलेक्ट्रॉनिक गिअर. दीड लाख. आईला मी साठ हजार सांगितले. (आई, हे वाचत असशील तर सॉरी!)

सोमवारी लंच टाइममध्ये एका चकाचक शोरूममध्ये गेले. एसी, कॉफी मशीन, भिंतीवर सायकली पेंटिंगसारख्या टांगलेल्या. काउंटरवरच्या मुलाने फोटो बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि हसून म्हणाला, "हे मॉडेल बंद झालंय. हँगर येत नाही. नवीन फ्रेमच बदला ना मॅडम, आता छान ऑफर आहे."

म्हणजे नखाएवढं बटण तुटलं म्हणून शर्ट नव्हे, अख्खं कपाट बदला!

फ्रेम बनवणाऱ्या कंपनीला मेल टाकला. आठवड्याने उत्तर आलं: 'त्या मॉडेलचे सुटे भाग आम्ही आता पुरवत नाही.' नम्र भाषा, शेवटी धन्यवाद. बस्स.

शेवटी गेले आमच्या मेकॅनिककाकांकडे. पेठेतलं दहा बाय बाराचं दुकान. काका साठीच्या पुढचे. आयुष्यभर सायकली उघडून बसलेले, पण नव्या गिअरचं ॲपसुद्धा फोनवर टाकून ठेवलेले. सायकल स्टँडवर चढवून त्यांनी पाच मिनिटं नुसती पाहिली. मग म्हणाले, "ताई, तीन गोष्टी आहेत. हँगर गेला, तो बाजारात नाही. आरडी गेला, त्याची पिढी बदलली. आणि म्हणाल की साधे केबलचे गिअर टाका, तर या फ्रेमला केबल जायला भोकच नाही."

"भोकच नाही म्हणजे?"

"म्हणजे सायकल तुमची आहे, पण किल्ली दुसऱ्याकडे आहे."

त्या दिवशी काकांच्या दुकानात स्टुलावर बसून मी जे शिकले, ते दीड लाख मोजण्याआधी शिकले असते तर? असो. तुम्ही तरी शिका.

बटण दाबलं की काय होतं?

साध्या गिअरमध्ये हँडलवरच्या खटक्यापासून मागच्या डिरेलरपर्यंत एक स्टीलची तार जाते. एक खटका दाबला की तार ठरावीक मिलिमीटर ओढली जाते आणि डिरेलर तेवढाच सरकतो. सगळा खेळ त्या मिलिमीटरांचा. नवी तार थोडी सैलावते, पावसाळ्यात आवरणात चिखल जातो, मग गिअर धड बसत नाही. मग करा स्क्रू घट्ट, करा सैल.

इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये तार ओढण्याची भानगडच नाही. बटण दाबलं की सिग्नल जातो आणि डिरेलरमधली छोटी मोटर त्याला बरोबर पुढच्या चक्रासमोर नेऊन उभा करते. हजाराव्या वेळीही तसंच. गारठलेल्या बोटांनी, दमलेल्या हातांनी, घाटाच्या मधोमध. ज्याने एकदा वापरलं, तो परत खटक्याकडे जायला का कू करतो. मी तर करतेच.

पण मोटरला अक्कल तेवढीच. वाईत सायकल पडली तेव्हा हँगर किंचित आत वाकला होता. मोटरला कुठे माहीत! तिला शिकवलं होतं तेवढी ती सरकली आणि डिरेलर थेट चाकाच्या तारांत. साध्या गिअरलाही हेच झालं असतं, हे काकांनी मुद्दाम सांगितलं. हँगर मुद्दामच नरम धातूचा करतात. सायकल पडली तर आधी तो वाकावा, तुटावा आणि फ्रेम वाचावी. घरातल्या फ्यूजसारखा. फक्त फ्यूज कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. हँगर मात्र प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा.

कन्सील्ड वायरिंगची गोष्ट

इलेक्ट्रॉनिक गिअर काही कालपरवाचे नाहीत. फ्रान्सच्या मॅविक कंपनीने १९९० च्या दशकातच 'झॅप' नावाचा प्रयोग केला होता आणि १९९९ मध्ये 'मेक्ट्रॉनिक' हे चक्क वायरलेस गिअर आणले होते. दोन्ही फार काळ टिकले नाहीत. खरा जम बसवला जपानच्या शिमानोने. त्यांचं 'ड्युरा-एस डीआय-टू' २००९ मध्ये बाजारात आलं. २०११ मध्ये त्याखालच्या 'अल्टेग्रा'लाही ते मिळालं. त्याच वर्षी इटलीच्या कॅम्पॅग्नोलोने 'ईपीएस' आणलं. हे सगळे वायरवाले. आणि वायर म्हटली की ती फ्रेमच्या पोटातून न्यायची, बॅटरी सीटच्या नळीत लपवायची, बाहेर काहीच दिसता कामा नये. सॉलिड लुक!

आता आपल्या फ्लॅटचा विचार करा. जुन्या वाड्यात वायरिंग भिंतीवरून लाकडी पट्टीतून जायचं. दिसायला गबाळं, पण वायरमन आला की अर्ध्या तासात बदलून जायचा. आपल्या नव्या फ्लॅटमध्ये सगळं कन्सील्ड. दिसतं झकास. पण दहा वर्षांनी एसीसाठी वेगळी जाड वायर टाकायची म्हटलं की भिंत फोडा! फ्रेमचंही अगदी तस्संच आहे.

कारण वायरी बदलत गेल्या. २००९ च्या डीआय-टूची वायर आणि जोड वेगळे. २०११ पासून नवी पद्धत आली, ती जुनीला जोडता येत नव्हती. २०२१ मध्ये बारा स्पीडचं डीआय-टू आलं तेव्हा हँडलवरचे लीव्हर वायरलेस झाले, पण त्यात पुढचा-मागचा डिरेलर वायरीने सीटच्या नळीतल्या बॅटरीला जोडावाच लागत होता आणि ती वायर आणखी बारीक झाली. आधीच्या वायरीला ती लावायची तर मध्ये ॲडॉप्टर हवा. बारा वर्षांत वायरीचे तीन प्रकार. बारा वर्षं म्हणजे चांगल्या फ्रेमच्या आयुष्यातली धड मध्यान्हसुद्धा नव्हे!

इथे खरी मेख आहे. नीट वापरलेली फ्रेम वीस-पंचवीस वर्षं सहज चालते. स्टीलची तर त्याहून जास्त. गिअरची पिढी मात्र पाच-सहा वर्षांत बदलते. आपण काय करतो? पाच वर्षांच्या पाहुण्यासाठी पंचवीस वर्षांचं घर बांधतो आणि दारं नेमकी त्या पाहुण्याच्या मापाची ठेवतो. माझ्या फ्रेममध्ये हेच झालेलं. बनवणाऱ्याने ठरवून टाकलं की ही फक्त इलेक्ट्रॉनिकच वापरणार, तेव्हा केबलची भोकं कशाला? आज मिळणाऱ्या अनेक कार्बन फ्रेम अशाच आहेत. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारतही नाही.

वारा कुठल्या दिशेला वाहतोय तेही पाहा. शिमानोचं '१०५' म्हणजे नोकरदार सायकलवाल्यांचं लाडकं, परवडेल असं मॉडेल. २०२२ मध्ये त्याची बारा स्पीडची आवृत्ती आधी इलेक्ट्रॉनिक आली आणि केबलवाली त्यानंतर वर्षभराने. म्हणजे रांगेत केबलचा नंबर दुसरा.

जुनं ते वायरलेस

मी स्टुलावर सुतकी चेहरा करून बसले होते. काकांनी मागे टांगलेली एक सायकल खाली काढली. विटकरी रंगाची, बारीक नळ्यांची, स्टीलची जुनी रेसिंग फ्रेम. १९८० च्या दशकातली. आणि तिच्यावर काय? चक्क वायरलेस गिअर!

"ही कशी काय?"

"हिला काही लागतच नाही ना," काका म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने २०१५ मध्ये 'ईटॅप' जाहीर केलं. त्यात वायर नावाची चीजच नाही. पुढच्या आणि मागच्या डिरेलरला आपापली छोटी बॅटरी, काढून चार्जिंगला लावायची. लीव्हरमध्ये घड्याळात असतो तसा बटणसेल. दोन्ही डिरेलरची बॅटरी एकच. मागची संपली तर पुढची काढून मागे लावा आणि घर गाठा. फ्रेमने काय द्यायचं? डिरेलर टांगायला जागा. बस्स! भोकं नकोत, नळ्या नकोत, पोटातून वायर ओवायला नको.

म्हणजे गंमत बघा. जगातलं लेटेस्ट तंत्रज्ञान चाळीस वर्षांच्या जुन्या फ्रेमवर टुणटुणीत चाललंय आणि खास इलेक्ट्रॉनिकसाठी म्हणून बनवलेली माझी फ्रेम अडगळीत! जी फ्रेम एका विशिष्ट वायरीसाठी बनली, ती त्या वायरीबरोबर म्हातारी झाली. जी कशासाठीच खास बनली नव्हती, ती कशालाही चालतेय.

अर्थात, जादू नव्हती. काकांनी त्यावर मेहनत घेतली होती. त्या काळच्या फ्रेममध्ये मागच्या चाकाची जागा १२६ मिलिमीटर असायची. अकरा स्पीडच्या चाकाला १३० लागतात. स्टील असल्यामुळे काकांनी दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटर फाकवल्या आणि हँगर पुन्हा सरळ केला. स्टीलच्या त्या फ्रेमला हँगर वेगळा नसतोच, तो फ्रेमचाच भाग, वाकला तर वाकवून सरळ करायचा. हे कार्बनला किंवा ॲल्युमिनियमला करायला जाल तर मात्र 'कट्ट' आवाज येईल. दुसरं, त्या फ्रेमला रिमचे ब्रेक. हल्ली बहुतेक वायरलेस लीव्हर डिस्क ब्रेकसाठीच येतात, त्यामुळे मालकाला सुरुवातीच्या काळातला अकरा स्पीडचा जुना सेट शोधावा लागला. तो २०१९ मध्ये आलेल्या बारा स्पीडच्या 'ॲक्सेस' मालिकेबरोबर चालत नाही. बॅटरी तीच, पण डिरेलर एका पिढीचा आणि लीव्हर दुसऱ्या पिढीचा असा संसार होत नाही.

"म्हणजे हीपण एक दिवस अडकणारच की," मी म्हटलं. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

"अडकेल. मग हिच्यावर जुने केबलचे गिअर चढवू. हे बघा, केबल अडकवायचे टेकू आहेत अजून." काकांनी नळीवरचे ते छोटे उंचवटे दाखवले. "परतीची वाट आहे हिला. तुमच्या सायकलला नाही, एवढाच फरक."

एक किल्ली, अनेक कुलपं

हँगरची बोंब फक्त माझीच नव्हती. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, त्यामुळे असे शेकडो नमुने जगात फिरतायत आणि कुठलंही दुकान ते सगळे ठेवू शकत नाही. यावर उपाय म्हणून स्रॅमने २०१९ मध्ये एकाच मापाचा हँगर आणला. नाव 'युनिव्हर्सल डिरेलर हँगर', लाडाने यूडीएच. इतर कंपन्यांनाही तो वापरायला खुला ठेवला. आधी माउंटन बाइकवर आला, मग ग्रॅव्हलवर, आता रोडच्या फ्रेमवरही दिसतो. लडाखला तुटला तरी पुण्याचा चालेल!

पण बड्या कंपन्यांच्या चांगुलपणाला दुसरा अंकही असतो. २०२३ मध्ये स्रॅमने माउंटन बाइकसाठी 'ट्रान्समिशन' आणलं. त्यात हँगरच नाही. डिरेलर थेट फ्रेमलाच धरतो. हँगर नाही तर वाकणार काय? आयडिया भारी. मात्र तो बसतो फक्त यूडीएचच्या मापाच्या फ्रेमवर. २०२४ पासून त्यांच्या ग्रॅव्हलच्या तेरा स्पीडच्या गिअरचीही तीच अट. म्हणजे २०१८ ची ठणठणीत फ्रेम असली तरी या पार्टीला प्रवेश नाही. उलट यूडीएच असलेल्या फ्रेमवर हँगर लावून साधा डिरेलरही चालतो आणि हँगर काढून नवाही. एका दारात दोन वाटा. म्हणून आज नवी फ्रेम घेताना यूडीएच आहे का हे विचारणं म्हणजे घर घेताना पाणी चोवीस तास आहे का विचारण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट, जी केबलला कधी लागली नव्हती. अपडेट! २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की शिमानोच्या वायरलेस गिअरचा सिग्नल पकडून, साठवून पुन्हा सोडला तर दुसऱ्याच्या सायकलचे गिअर बदलता येतात. कंपनीने सॉफ्टवेअर सुधारून दिलं. चांगलं झालं. पण मला प्रश्न पडला, आज अपडेट येतं, पंधरा वर्षांनी कोण पाठवणार? ज्या गिअरला ॲप लागतं, बॅटरी खास आकाराची लागते, त्याचं वय शेवटी कंपनी ठरवते. लिथियमची बॅटरी वापरली तरी उतरते, नुसती ठेवली तरी उतरते. तुमचा पाच वर्षांपूर्वीचा फोन आठवा, म्हणजे कळेल.

भोसरीचा हँगर

मग माझ्या सायकलचं काय झालं? नवीन वायरलेस सेट टाकायचा हिशोब काकांनी कागदावर मांडून दाखवला. दोन डिरेलर, त्याबरोबर लीव्हर, लीव्हरबरोबर ब्रेक, बारा स्पीडची कॅसेट आणि ती बसायला मागच्या चाकाच्या हबवरचा तुकडाही वेगळा. आकडा ऐकून मी पाणी मागितलं. आणि एवढं करूनही पहिली गरज तीच. हँगर!

"तुटलेले दोन्ही तुकडे आहेत ना? द्या इकडे," काका म्हणाले.

भोसरी एमआयडीसीत त्यांच्या ओळखीचं एक जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग बनवणारं. शनिवारी मी काकांना स्कूटरवर मागे बसवून तिथे गेले. (माझ्या आयुष्यातली सगळ्यात टेन्शनवाली राइड. काका सिग्नलला आपोआप हात दाखवत होते.) तिथल्या दादांनी तुकडे जुळवून मापं घेतली, कॉम्प्युटरवर आकृती काढली, दोनदा खोडली. फ्रेमच्या खाचेचं माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जुळायला हवं होतं. पहिला नमुना बसला नाही. दुसरा बसला, पण डिरेलरचा स्क्रू तिरका जायचा. तिसरा मात्र असा बसला, की काकांनी तो हातात घेऊन नुसता फिरवत ठेवला.

"दोन नग काढा," ते म्हणाले. "एक सायकलला, एक ताईंच्या सीटखालच्या पिशवीत."

दोन हँगर मिळून अडीच हजार. डिरेलर त्याच पिढीचा, वापरलेला, बंगळुरूच्या एका सायकलवाल्याकडून पंधरा हजारांना मिळाला. त्याने सगळे गिअर बदलले होते, त्याला अडगळ झाली होती, मला लॉटरी लागली. आकृतीची फाइल मी चार ठिकाणी सेव्ह करून ठेवलीये. लग्नाचे फोटो ठेवतात तशी!

मार्चच्या पहिल्या रविवारी पुन्हा पसरणी. वाईत मिसळ खाताना सायकल नजरेसमोर, डावीकडे टेकवलेली. त्या वळणावर आले तेव्हा छातीत धडधडत होतं. बटण दाबलं. 'झुईं.' चेन अलगद मोठ्या चक्रावर चढली आणि मी हळूहळू वर. पाचगणीत स्ट्रॉबेरी क्रीम दोन ग्लास खाल्लं. एक जानेवारीचं उधार होतं ना!

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शेजारच्या टीममधला एक जण ब्रोशर घेऊन आला. "इलेक्ट्रॉनिक घेऊ की नको?" त्याने विचारलं. घे की, मी म्हटलं, मजा आहे. फक्त गिअरकडे नंतर बघ. आधी फ्रेम उलटी कर आणि भोकं मोज.

चौकट: पैसे मोजण्याआधी हे विचारा

● फ्रेमला केबल जाते का? इलेक्ट्रॉनिक घेत असाल तरी विचारा. दोन्ही चालणारी फ्रेम असेल तर नको असलेली भोकं रबरी बुचाने बंद होतात. नसलेली भोकं नंतर पाडता येत नाहीत. कार्बनला तर मुळीच ड्रिल लावू नका.

● हँगर कुठला? यूडीएच असेल तर उत्तम. नसेल तर सायकल घेतानाच त्याच बिलात दोन जादा हँगर घ्या. मॉडेल बंद झाल्यावर शोधत फिरू नका.

● बॅटरी कुठे बसते? सीटच्या नळीत असेल तर ती काढायला-घालायला किती खटाटोप आहे, ते दुकानात करून दाखवायला सांगा.

● पेडलच्या बेअरिंगची जागा आट्यांची आहे का? इंग्लिश आट्यांचं जुनं माप आजही सर्रास मिळतं. दाबून बसवायच्या प्रकारांत मापं अनेक, आणि करकर आवाजाची तक्रारही तिथेच जास्त ऐकू येते.

● ब्रेकचे पाइप हँडलखालच्या बेअरिंगमधून जातात का? जात असतील तर साधी बेअरिंग बदलायलाही पाइप सोडवावे लागू शकतात. मजुरी आधीच विचारून ठेवा.

● सेकंडहँड घेताय? गिअर किती स्पीडचे, कुठल्या पिढीचे, ते लिहून घ्या. अकरा आणि बारा स्पीडचे भाग एकमेकांत मिसळत नाहीत. चार्जर मागून घ्या. ॲपला जोडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

● सायकल उजव्या बाजूला पडली? रंग नंतर बघा. आधी मागे उभं राहून हँगर सरळ आहे का ते बघा आणि तो तपासून घेईपर्यंत सगळ्यात हलका गिअर टाकू नका. हे मी मिसळ खाताना केलं असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता.